घाबरला म्हणण्याआधी हातमोजे काढायला लावा

धुळ्यात सकाळी साडेसहाला मी पोरांचा फुटबॉलच्या गोलकीपिंगचा सराव घेतो. दोन वर्षांपूर्वी आमचा तेरा वर्षांचा कीपर अचानक चेंडू आला की हात मागे घ्यायला लागला. आदल्या रविवारी त्याच्या हातून चेंडू सुटला आणि आम्ही हरलो होतो, म्हणून मी धरूनच चाललो की पोरगा घाबरलाय. ओरडलोसुद्धा. चौथ्या दिवशी तो पाण्याच्या बाटलीचं झाकण दातांनी उघडताना दिसला. ‘काय व्हयनं रे?’ ‘काही नही सर.’ हातमोजे काढायला लावले. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक खाली झुकलेलं. दुसऱ्या हातानं उचललं की सरळ व्हायचं, सोडलं की पुन्हा खाली.

त्या दिवसापासून माझा क्रम ठरला: कीपर बिचकायला लागला की आधी बोटं, मनगट, कोपर आणि कंबर बघायची, मग मनाचं बोलायचं. दुखणं लपवण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, आपली जागा दुसऱ्याला जाईल ही धास्ती. म्हणून ‘लागलंय म्हणून बसलास तरी जागा तुझीच’ हे पोराला स्पष्ट शब्दांत सांगा, आणि पाळा.

बोटाला चेंडू लागला की आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया म्हणजे बोट ओढून ‘मोकळं’ करणं. ते करू नका. तेल लावून चोळणं नको, हाड बसवणाऱ्याकडे नेणं तर अजिबात नको. वाढत्या मुलांच्या हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते आणि ती लिगामेंटपेक्षा, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांपेक्षा, कमजोर असते. मोठ्या माणसाचा सांधा जिथं नुसता मुरगळतो, तिथं पोराचं हाड दुखावलेलं असू शकतं. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं ठेवा, हात उंच धरायला सांगा. बोट वाकडं दिसत असेल, टोक झुकलं असेल, मूठ वळत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टर आणि एक्स-रे. आमच्या पोराच्या बोटाला टोक सरळ धरून ठेवणारी पट्टी लागली ती सहा आठवडे, रात्रंदिवस. मध्येच काढून टोक वाकलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

हातावर पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळगीत दाबून दुखत असेल तर मुका मार म्हणून सोडू नका. तिथलं छोटं हाड मोडलेलं पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही. दुखणं राहिलं तर दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवा.

खरचटणं, कमरेवर काळंनिळं होणं हे आपल्या मैदानांचं रोजचंच. पावसाळा सरला की काळी माती दगडासारखी होते. मी झेप शिकवतो ती जुन्या कापसाच्या गाद्यांवर: आधी बसून, मग गुडघ्यावर, मग उकिडवं, शेवटी उभं राहून. मांडी, कंबर, खांदा अशा क्रमानं अंग टेकलं पाहिजे. कोपर अंगाखाली आलं की थांबवतो.

डोक्याला मार लागला तर मात्र चर्चाच नाही. पोरगा त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरत नाही, तो कितीही ‘बरा आहे’ म्हणाला तरी, आणि डॉक्टरला दाखवायचं. उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, तेच तेच विचारणं दिसलं तर थेट दवाखाना. 2018 च्या चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या फायनलमध्ये लिव्हरपूलचा गोलकीपर लोरिस कारियस याच्या दोन चुकांवर जग हसलं. नंतर डॉक्टरांनी तपासलं तेव्हा त्याच सामन्यात त्याच्या मेंदूला धक्का बसल्याचं निदान झालं. पोरांना मी हे सांगतो, पालकांना तर आवर्जून.

आता दुखणं नाही, आणि तरी पोरगा खचलाय. सामना संपल्यावर घरी जाताना मोटारसायकलवर गोलाबद्दल अवाक्षर काढू नका. जेवला, झोपला, दुसऱ्या दिवशी त्यानं विषय काढला तर ऐका. गोल झाल्यावर काय करायचं हे सरावातच ठरवून द्या: चेंडू जाळ्यातून काढायचा, खांबाला हात लावायचा, बचावपटूंना मोठ्यानं नावानिशी हाक मारायची. आवाज परत आला की पाय हलतात, हे मी कितीदा बघितलंय. बापानं गोलामागे उभं राहून सूचना देणं बंद. आणि पूर्ण मापाचा गोल 7.32 मीटर रुंद, 2.44 मीटर उंच असतो. पाच फुटी पोराच्या डोक्यावरून आडव्या खांबाखाली गेलेला चेंडू त्याची चूक म्हणून मोजू नका.

परत आणताना घाई नको. डॉक्टरनं हो म्हटल्यावर पहिल्या दिवशी मी पाच पावलांवरून हातानं चेंडू टाकतो, छातीवर, दहा वेळा. मग जमिनीवरून, मग बाजूला, मग पायानं. झेप दुसऱ्या आठवड्यात. मध्ये एखादा चेंडू सुटला तर तोच पुन्हा टाकतो, काही न बोलता. आणि सराव संपला की हातमोजे काढून दहाही बोटं माझ्यासमोर.