देवघरात नवीन मूर्ती किंवा टाक बसवताय? या चुका टाळा

वास्तुशांत असो की गणपती, दोन दिवस आधी फोन सुरू होतात, मूर्ती आणलीय, प्राणप्रतिष्ठेचा, म्हणजे मूर्तीत देवत्व आणायचा, मंत्र पाठवा. मी आधी विचारतो मूर्ती कशाची आहे, कारण मंत्र नंतर, बऱ्याच चुका इथंच होतात.

पितळेची किंवा चांदीची मूर्ती घडताना आगीतून निघते, हातोडी-कानस खाते, म्हणून प्राणप्रतिष्ठेच्या आधी अग्न्युत्तारण, म्हणजे त्या आगीचा-घावांचा दोष काढणं, करायचं असतं. मूर्तीला तूप लावून ताम्हनात ठेवायचं आणि मंत्र म्हणत पाण्याची संततधार धरायची, बस एवढंच, पण लोक दुकानातून आणलेली मूर्ती पेपरातून काढून थेट हळदीकुंकू लावतात. टाकांचं, म्हणजे देवाची प्रतिमा उठवलेल्या धातूच्या छोट्या पत्र्यांचं, तर विचारूच नका. आपल्याकडं घरोघरी तुळजाभवानीचे, खंडोबाचे टाक, झिजले की सोनाराकडं उजळायला देतात आणि परत आले की तसेच देवघरात. असं करू नका हो, आगीत जाऊन आले म्हणजे पुन्हा अग्न्युत्तारण, पुन्हा प्रतिष्ठा. जमलं तर तुळजापूरला नाहीतर खंडोबाच्या माळेगावला नेऊन देवाची भेटही घडवा, जुनी माणसं हे चुकवत नव्हती.

याच्या उलट शाळिग्राम आणि नर्मदेतला बाण, म्हणजे नदीत मिळणारा शिवलिंगाच्या आकाराचा गोटा, यांची प्राणप्रतिष्ठा लागत नाही, ते मुळातच देव. तिथं मात्र हजारो रुपये खर्चून विधी करणारे बघितलेत, वाईट वाटतं.

घरातली मूर्ती ओट्यावर सिमेंटनं पक्की करू नका. ती अचल प्रतिष्ठा झाली, तिचे नियम देवळाचे, रोजची पूजा-नैवेद्य चुकवता येत नाही आणि आपण तर लेकीकडं पुण्याला महिनाभर जातो. घरात चल मूर्तीच बरी. अहो, खुद्द तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, नवरात्राआधी आईला सिंहासनावरून उचलून पलंगावर निद्रेला नेतात.

आता गणपती. मातीच्या मूर्तीवर पंचामृत ओतलं की रंग जातो, सोंड मऊ पडते, आमच्याच घरी एका वर्षी पोरांनी दुधाची धार धरली आणि दुसऱ्या दिवशी मांडीवर भेग. मूर्तीवर दूर्वेनं नुसतं शिंपडा, अभिषेक ताम्हनात सुपारी ठेवून तिच्यावर करा. आणि ते पंचामृत तांब्याच्या भांड्यात तासन्‌तास ठेवून तीर्थ म्हणून वाटू नका, दह्याचा आंबटपणा तांब्याला लागतो, पोट बिघडतं.

प्रतिष्ठेच्या वेळी मोबाईलवर मंत्र लावून सगळे हात जोडून उभे राहतात, मधे जाहिरात येते. उजवा हात मूर्तीच्या हृदयाला लावायचा असतो, "अस्यै प्राणाः प्रतिष्ठन्तु" म्हणताना हात तिथंच पाहिजे, आणि मग दूर्वेच्या टोकाला तूप लावून डोळ्यांना स्पर्श. सगळे मंत्र येत नसतील तर एवढं तरी मनापासून करा. मुहूर्ताच्या फॉरवर्डमागं पळू नका, चतुर्थीला पहाटेपासून मध्याह्नापर्यंत बसवता येतो.

एकदा प्राण आले की गणपतीची मूर्ती विसर्जनाआधीच्या उत्तरपूजेपर्यंत हलवायची नाही. म्हणून लायटिंगची वायर, मखर, चौरंगाचा डुगडुगणारा पाय, सगळं आधी तपासा, खाली अक्षता टाका आणि मगच बसवा. महालक्ष्म्यांचंही तेच, मुखवटे नीट बसतात का हे आवाहनाच्या आदल्या दिवशी बघा, पदर पिनांनी घट्ट करा.

गणपतीची मूर्ती भंगली तर? प्रतिष्ठेआधी भंगली तर काहीच दोष नाही, दुसरी आणायची. नंतर भंगली तर घाबरून रडारड न करता अक्षता वाहून लगेच विसर्जन करा. आणि उत्तरपूजा होऊन मूर्ती जागेवरून थोडी सरकवली की त्यातलं देवत्व गेलेलं असतं, मग विसर्जनाला नेताना ट्रॅक्टरमधे हात तुटला तरी मनाला लावून घ्यायचं कारण नाही.