पक्षाघातानंतर भावंडाला सांभाळताना या चुका टाळा

पक्षाघाताचा पेशंट दवाखान्यातून घरी आला की सगळ्यांना एकच हवं असतं, महिन्याभरात तो पहिल्यासारखा व्हावा. नेमकी ही घाईच नडते. माझ्या दादाच्या मेंदूच्या डाव्या बाजूला मोठा झटका आला. उजवा हात-पाय गेला, वाचा गेली. तेव्हापासून नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घरात आणि फिजिओथेरपीच्या बाकावर भेटलेल्या कितीतरी घरांत त्याच त्या चुका होताना पाहतेय. म्हणून स्पष्टच लिहिते.

"एका घासानं काय होतंय?"

न्यूमोनिया होतो. झटक्यात घशाचे स्नायूही दुबळे होतात आणि घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो. ठसका लागला तर कळतं तरी. पण बऱ्याच पेशंटना ठसका लागतच नाही आणि घरचे तिथेच फसतात.

स्पीच थेरपिस्टनं दादाला घट्टसर खिमट, मऊ खिचडी आणि कुस्करलेलं केळं एवढंच सांगितलं होतं. पाणीसुद्धा पावडर घालून दाट केलेलं. एका रविवारी चुलतभाऊ मिसळ घेऊन आला. मी औषधं आणायला गेले होते, वहिनी आंघोळीला. दादा मिसळीचा वेडा. त्यानं डाव्या हातानं खूण केली आणि यानं पलंगावर अर्धवट आडव्या माणसाला चार चमचे भरवले. मी आले तेव्हा दोघं खुशीत. "बघ ताई, साधा ठसकाही नाही लागला." दादा नुसतं "हं" म्हणाला, तर आवाज ओला, घशात पाणी खळखळल्यासारखा. तिसऱ्या दिवशी ताप, धाप, एक्स-रेत न्यूमोनिया आणि परत आयसीयू. आधारानं उभा राहायला लागलेला माणूस कूस बदलायलाही दुसऱ्यावर अवलंबून झाला.

मिसळ तर यात सगळ्यात वाईट. पातळ रस्सा आणि कडक फरसाण एकाच घासात येतात आणि दुबळ्या घशाला दोन्ही एकदम सांभाळता येत नाहीत. रामकुंडाचं तीर्थ आणलंत तर कपाळाला लावा, झोपलेल्याच्या तोंडात घालू नका.

आमच्याकडे आता असं चालतं: टीव्ही बंद, पेशंट ताठ बसलेला, पाय जमिनीला टेकलेले, छोटा चमचा. प्रत्येक घासानंतर "हं" म्हणायला लावायचं. आवाज ओला आला की थांबायचं. लुळ्या बाजूच्या गालात घास साठलाय का ते बघायचं आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. एका जेवणाला पाऊण तास लागतो. ज्याला तेवढा धीर नाही त्यानं भरवायला बसू नये, लाईट बिल भरून यावं.

"मला ओळखलंस? नाव सांग बरं!"

भेटायला येणारा प्रत्येक जण हे विचारतो आणि दादाचा चेहरा पडतो. त्याला माणूस ओळखू येतो, शब्द सापडत नाही. याला वाचाघात म्हणतात, यात बुद्धी जात नाही. दादा गणपतीची आरती अख्खी म्हणतो, एक ते दहा सलग मोजतो, पण चहा मागता येत नाही. वर्षानुवर्षं पाठ असलेलं आपोआप बाहेर येतं, नवा शब्द जुळवावा लागतो. हे न कळलेल्या एका काकांनी त्याच्यासमोर म्हटलं, "आरती येते, मग नाव का येत नाही? आळस आहे." दादाला सगळं समजत होतं. त्यानंतर काही दिवस त्यानं आरतीही म्हटली नाही.

दुसरं टोक म्हणजे आपणच त्याच्या वतीनं बोलत सुटणं. मला याचा जास्त राग येतो, कारण ते प्रेमापोटी होतं आणि कुणी थांबवत नाही. प्रश्न एकच विचारा आणि मनात दहापर्यंत मोजा. 'हो' म्हणायचं असताना तोंडून 'नाही' निघतं, असंही होतं, म्हणून वस्तू समोर धरा: हा शर्ट की तो?

लुळा हात धरून ओढून उठवू नका, बगलेत हात घालूनही नको. खांदा निखळतो, मग दुखण्यापायी व्यायामच बंद पडतो. कंबरेला पट्टा बांधून तिथे धरा. बसवलं की हाताखाली उशी. तो पिवळा रबरी बॉल फिजिओला विचारल्याशिवाय दाबायला देऊ नका; बोटं आधीच आवळत असतील तर आणखी आवळतात, खरी गरज ती उघडण्याची असते. बधिर बाजूला गरम पाण्याची पिशवी नको, भाजलेलं कळत नाही. कबुतराचं रक्त चोळायला सांगणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा. गावठी औषधासाठी बीपीची आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी बंद करणं म्हणजे दुसऱ्या झटक्याला आमंत्रण. सुरुवातीचे तीन महिने सुधारणा वेगानं होते हे खरं, पण नंतर ती थांबते असं समजून फिजिओ सोडू नका.

भावंडांनो, रात्री उठते ती वहिनी. रविवारी येऊन सल्ले देण्यापेक्षा एक रात्र घ्या, तिला झोपू द्या. पेशंट सतत रडत असेल, व्यायामाला नको म्हणत असेल तर डॉक्टरांना सांगा. साधारण तिघांतल्या एकाला झटक्यानंतर नैराश्य येतं आणि त्यावर औषध आहे.

अंबड-सातपूरच्या कंपन्यांत काम करणाऱ्या पेशंटच्या पगारातून ईएसआय (सरकारी कामगार विमा) कापलं जात असेल तर लगेच चौकशी करा. ९१ दिवस पगाराच्या ७० टक्के मिळतात आणि अर्धांगवायू दीर्घ आजारांच्या यादीत असल्यानं अटी पूर्ण झाल्यास पुढे ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. बरीच घरं हे न विचारताच दागिने मोडतात.

तोंड पुन्हा वाकडं झालं, हात खाली पडला, बोलणं अडखळलं तर १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यातच न्या. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं. तिथे पहिला प्रश्न असतो, "शेवटचं व्यवस्थित कधी पाहिलं होतं?" ती वेळ निघतानाच कागदावर लिहा, आणि चालू गोळ्यांची पाकिटं त्याच पिशवीत टाका.