उन्हाळ्यात फिशटँकच्या पाण्याला ऑक्सिजन कसा पुरवावा

मे महिन्यात पहाटे पाचला एकदा आपल्या फिशटँकसमोर जाऊन बसा. दिवसभर खाली-वर खेळणारे मासे सगळेच्या सगळे वर आलेले दिसले, पाण्याच्या पातळीला तोंड लावून भराभर तोंड उघडमीट करताना दिसले, तर ते भुकेले नाहीत. त्यांचा जीव गुदमरतो आहे.

भंडारा-गोंदियाकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर जाळं टाकणाऱ्या ढिवर मंडळींना हे दृश्य चांगलं ओळखीचं आहे. उकाड्याची, वारा पडलेली रात्र गेली की पहाटे रोहू-कटला असेच वर येतात. पाण्यातलं शेवाळ आणि वनस्पती दिवसा उन्हात ऑक्सिजन बनवतात, रात्री मात्र त्याही तो वापरतात. त्यामुळे सूर्य उगवायच्या आधी पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. मरळ आणि मांगूर थेट हवेतून श्वास घेऊ शकतात, म्हणून आटत्या डबक्यातही तगतात. आपल्या टाकीतल्या गोल्डफिशला ती सोय नाही.

दोन उन्हाळ्यांमागे माझे पाच गोल्डफिश एका रात्रीत गेले. टाकी काठोकाठ भरलेली, वर झाकण घट्ट, आणि रात्री अकराला गेलेली लाइन सकाळी सहाला आली. मासे निरोगी होते, पाणीही नितळ होतं. ती चूक दुसऱ्या कोणाच्या घरी होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी हिशोब समजून घ्या

एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. एक लिटर पाण्यात २० अंशाला जेमतेम ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशाला साडेसात आणि ३५ अंशाला सातच्याही खाली. म्हणजे पाणी तापेल तसा ऑक्सिजन घटतो, आणि नेमकी त्याच वेळी माशाची गरज वाढते. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा या भागांत पारा ४५ च्या पुढे जातो. अशा दिवसांत टिनाच्या खोलीतली टाकी दुपारी किती तापते, ते हात घातला की कळतं.

ऑक्सिजनचा दुसरा वाटेकरी फिल्टरमध्ये बसलेला असतो. माशाच्या मल-मूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. स्पंजवर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनियातल्या दर एक मिलिग्रॅम नायट्रोजनमागे या कामाला सुमारे साडेचार मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. हवा कमी पडली की मासा गुदमरतोच, शिवाय फिल्टरही अर्धवट काम करतो आणि पाण्यात विष साठू लागतं.

पृष्ठभाग मोकळा करा

बुडबुडे दिसले की ऑक्सिजन मिळाला, असं आपण समजतो. बुडबुडा काचेच्या टाकीत दोन-तीन सेकंदांत वर येऊन फुटतो, तेवढ्यात त्यातून फार थोडा ऑक्सिजन विरघळतो. त्याचं खरं काम खालचं पाणी वर ढकलण्याचं आणि पृष्ठभाग हलवण्याचं. हवा आत शिरते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तो मुख्यतः तिथूनच.

म्हणून टाकी घेताना उंच नको, पसरट घ्या. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत साधारण ५५ लिटर पाणी मावतं आणि हवेला दोन चौरस फूट जागा मिळते. तीच टाकी उभी केली तर पाणी तेवढंच, पण हवेची जागा निम्मी. गोल बाऊल असेल तर गळ्यापर्यंत भरू नका, जिथे तो सगळ्यात रुंद आहे तिथेच थांबा. टाकीत पाणी काठापासून दोन इंच खाली ठेवा आणि उन्हाळाभर झाकणाऐवजी नायलॉनची जाळी लावा.

पाण्यावर तेलकट साय दिसली तर वर्तमानपत्राचा कागद अलगद पसरून उचला. साय कागदाला चिकटून येते.

एअर पंप आणि फिल्टर नीट बसवा

खेड्यातल्या घराला माझी पसंती स्पंज फिल्टरलाच. तो एअर पंपाच्या हवेवर चालतो, वीज फार थोडी घेतो, आणि हवा देणं व पाणी गाळणं ही दोन्ही कामं एकाच नळीवर होतात. बुडबुडे उभ्या नळीतून वर जाताना पाणी सोबत ओढतात, आणि त्याच्या जागी स्पंजमधून नवं पाणी येत राहतं.

एअर पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, फळीवर किंवा खिळ्याला टांगून. खाली ठेवला तर लाइन गेल्यावर पाणी नळीतून उलटं उतरून पंपात शिरतं. खाली ठेवण्यावाचून इलाजच नसेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व, म्हणजे हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, घाला. तो बसवण्याआधी तोंडाने फुंकून पाहा. ज्या बाजूने फुंकल्यावर हवा पार जाते ती बाजू पंपाकडे, दुसरी टाकीकडे.

पॉवर फिल्टर, म्हणजे मोटरवर चालणारा फिल्टर, असेल तर त्याचं पाणी सोडणारं तोंड पाण्याच्या पातळीच्या अगदी जवळ आणा आणि किंचित वर वळवा. पाण्यावर लाटा उठल्या पाहिजेत. मग खाद्याचा एक कोरडा कण टाका आणि नजर ठेवा. तो फिरत फिरत टाकीच्या चारही कोपऱ्यांत गेला तर बरोबर. एका कोपऱ्यात अडकून राहिला तर तिथलं पाणी मेलेलं आहे, फिल्टरची दिशा बदला.

आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याने एअर स्टोनवर, म्हणजे नळीच्या टोकाच्या बारीक छिद्रांच्या दगडावर, पांढरा थर चढतो आणि बुडबुडे मंदावतात. स्टोन रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, स्वच्छ धुवा, वाळवून परत लावा.

स्पंज दर आठ-दहा दिवसांनी पिळायचा, पण टाकीतूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत. ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकलेली असते आणि तिच्यातला क्लोरीन स्पंजवरचे जिवाणू मारतो. बादलीतलं पाणी चहासारखं तपकिरी होईल, तेवढं पुरे. स्पंज पांढराशुभ्र करायच्या मागे लागू नका.

नवं पाणी कुठलंही असो, नळाचं किंवा बोअरचं, ते उघड्या बादलीत एअर स्टोन सोडून एक दिवस ठेवा. बोअरचं ताजं पाणी गार आणि नितळ दिसतं, पण जमिनीखालून आल्यामुळे त्यात ऑक्सिजन बहुधा कमीच असतो.

पंप काय ओढतो ते बघा

हे आपल्या कपाशीच्या गावांसाठी मुद्दाम सांगतो. एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात सोडतो. त्या खोलीत फवारणीचं औषध ठेवलेलं असेल, मच्छर मारायचा स्प्रे मारला असेल किंवा कॉइल जळत असेल, तर त्याचा अंश पाण्यात जाणार. या स्प्रेमध्ये असणारी पायरेथ्रॉइड वर्गातली औषधं माशांना अतिशय विषारी असतात. फवारणी करून आलेल्या माणसाने आंघोळ केल्याशिवाय टाकीत हात घालू नये.

पाणी थंड ठेवा

टाकीवर तिरपा टेबल फॅन लावा. आपली हवा कोरडी असल्याने बाष्पीभवन जोरात होतं आणि पाणी दोन-तीन अंशांनी सहज उतरतं. पातळी रोज थोडी घटेल, ती ठेवणीच्या पाण्याने भरा. बर्फ थेट टाकू नका. फ्रिजरमध्ये गोठवलेली बंद बाटली तरंगत ठेवली तर पाणी हळूहळू थंड होतं.

लाइन गेली तर

खाद्य लगेच बंद करा. पोट भरलेला मासा जास्त ऑक्सिजन वापरतो आणि एक दिवसाच्या उपासाने त्याचं काही बिघडत नाही. जाळी काढा. धुतलेल्या मगाने टाकीतलंच पाणी घेऊन वीतभर उंचीवरून परत टाकीत सोडा, पाच मिनिटं, दर अर्ध्या तासाने. रात्री हे जमत नाही, म्हणून यूएसबीवर चालणारा छोटा एअर पंप आणि भरलेली पॉवर बँक टाकीजवळच ठेवा. रात्र निघते. फवारणी पंपाची बॅटरी जोडायचं कोणी सुचवेल. औषध लागलेली ती बॅटरी टाकीजवळ आणू नका.

लाइन आल्यावर पॉवर फिल्टर किंवा कॅनिस्टर (बंद डब्याचा फिल्टर) लगेच चालू करू नका. काही तास बंद डब्यात राहिलेल्या जिवाणूंनी तिथला ऑक्सिजन संपवलेला असतो, त्यातले काही मेलेले असू शकतात आणि आतलं पाणी कुजू लागलेलं असू शकतं. डबा उघडून वास घ्या. ते पाणी बाहेर फेका, स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळा, मगच बटण दाबा. पुढचे चार-पाच दिवस खाद्य निम्मं द्या आणि दोनदा पाव टाकी पाणी बदला.