दमट हवेत ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोडा: माझा अनुभव
रत्नागिरीच्या पावसाळ्यात सोडियम हायड्रॉक्साइडचे (म्हणजेच कॉस्टिक सोड्याचे) दाणे तराजूवर ठेवताच हवेतील ओल शोषू लागतात, त्यामुळे ०.१ नॉर्मल (नॉर्मल हे द्रावणाच्या तीव्रतेचे एकक) द्रावणासाठी लिटरला ४ ग्रॅम हा हिशेब बरोबर असूनही आमच्या प्रयोगशाळेत द्रावण सौम्यच निघत असे. म्हणून मी मुद्दाम ५ ग्रॅम घेऊन लिटरभर द्रावण केले आणि त्याचे अनुमापन (ज्ञात तीव्रतेच्या द्रावणाशी क्रिया घडवून तीव्रता मोजणे) ०.१ नॉर्मल ऑक्झॅलिक आम्लाशी केले, कारण या आम्लाचे स्फटिक (लिटरला ६.३ ग्रॅम) हवेत टिकतात आणि त्यांच्या वजनावर विसंबता येते. फिनॉल्फ्थॅलिन या रंगदर्शकाचा फिकट गुलाबी रंग येईपर्यंत १० मिलिलिटर आम्लाला ९ मिलिलिटर सोडा लागला, म्हणजे तीव्रता ०.१११ नॉर्मल. मग ९०० मिलिलिटर द्रावणात ऊर्ध्वपातित पाणी घालून बरोबर एक लिटर केले, म्हणजे ते ०.१ नॉर्मल झाले.