चीनच्या लायब्ररीत पुस्तक शोधताना: दुसरा आकडा नीट बघा

बी.लिब.ला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला, ड्यूई आणि रंगनाथनांचं कोलन या पुस्तकं विषयवार लावायच्या पद्धती घोकून चीनला शिकायला जाणाऱ्यांसाठी लिहितेय. तिथे बहुतेक सगळीकडे झोंगतूफा, म्हणजे चिनी ग्रंथालय वर्गीकरण चालतं. १९७५ ला आलं, पाचवी आवृत्ती २०१० ची. रोमन अक्षरांवर २२ मुख्य वर्ग. ए म्हणजे मार्क्स-लेनिन-माओ-डेंग, साहित्य आय, इतिहास-भूगोल के, कॉम्प्युटर टीपी. आठवडाभरात डोक्यात बसतं, टेन्शन घेऊ नका. देशांचे आकडे तर सोपेच, भारत ३५१, म्हणून भारतीय साहित्य आय३५१ आणि भारताचा इतिहास के३५१. हे कळलं त्या दिवशी परक्या गावात कुणी आपलं भेटल्यासारखं झालं होतं मला.

मी अडकले ते पुढच्या आकड्यात. पुस्तकाच्या पाठीवर जो सुओशूहाओ असतो, आपला कॉल नंबर, त्याचा पहिला भाग विषयाचा, तो साधारण सगळीकडे सारखा. दुसरा भाग मात्र त्या त्या लायब्ररीचा स्वतःचा. कुठे लेखकाच्या नावावरून काढतात, कुठे त्या विषयात कितवं पुस्तक आलं तो नुसता क्रम. म्हणजे तेच पुस्तक एकीकडे १२, दुसरीकडे ४७! मी टागोरांच्या एका चिनी भाषांतराचा नंबर दुसऱ्याच मोठ्या लायब्ररीच्या कॅटलॉगमधून उतरवला, आमच्याकडे त्या नंबरावर भलतंच पुस्तक होतं, मी गाईडना सरळ सांगितलं की आपल्याकडे नाहीये, आणि प्रबंधातला एक अख्खा भाग त्याच्याशिवाय लिहिला. पुस्तक त्याच शेल्फवर होतं, हातभर अंतरावर. आजही आठवलं की पोटात तुटतं.

म्हणून सीनियर लोक ग्रुपवर नंबरांची तयार यादी टाकतात ना, ती वापरू नका. दर वेळी आपल्याच लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये बघा, पुस्तकाचं चिनी नाव टाकून.

जुन्या शिवलेल्या ग्रंथांचं गणित निराळं, तिथे अजून जिंग, शी, झ, जी (अभिजात ग्रंथ, इतिहास, विचारवंतांचे ग्रंथ, साहित्यसंग्रह) ही चार विभागांची पद्धत भेटते, च्येनलाँग बादशहाच्या काळातला सिकू छ्युएनशू हा प्रचंड ग्रंथसंग्रह याच चार भागांत आहे. त्यात आय-के शोधू नका.

आणि चिनी कच्चं असलं तरी काउंटरवर विचारायला लाजू नका. तिथल्या स्टाफला लाओशी म्हणायचं, म्हणजे गुरुजी किंवा बाई. मी दोन महिन्यांनी विचारलं. लाओशींनी पाच मिनिटांत पुस्तक हातात दिलं, आणि मी शेल्फला टेकून उभ्या उभ्याच वाचायला लागले.