हँडल थरथरते म्हणून स्टिअरिंग डॅम्पर बसवावा का?

कोल्हापुरात रोजच्या वापरातील १०० ते १५० सीसीच्या मोटारसायकलीला स्टिअरिंग डॅम्परची गरज नसते. हँडलचे जलद हेलकावे तेलाच्या रोधाने शमवणारे हे उपकरण मुख्यतः ताकदवान स्पोर्ट्स बाइकसाठी असते. पुणे-बंगळूर महामार्गावर हँडल थरथरू लागले, तर आधी टायरमधील हवा आणि मागे बांधलेले ओझे तपासावे; मग गाडी डबल स्टँडवर घेऊन, पुढचे चाक अधांतरी ठेवून, फोर्क (पुढचे चाक धरणारे दोन दांडे) खालून धरून पुढे-मागे हलवावा. खटका जाणवला तर बहुधा कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) सैल असतो, आणि हँडल वळवताना मध्यभागी अडकत असेल तर तो बदलावाच लागतो. दोष तसाच ठेवून बसवलेला डॅम्पर तो केवळ झाकतो, म्हणून माझ्या मते हा खर्च टाळलेलाच बरा. शिवाय डॅम्पर फार घट्ट केल्यास गगनबावड्याच्या घाटातील संथ वळणांवर हँडल जड होते.