हृदयविकार असताना ताठरतेची गोळी: घेण्यापूर्वी काय तपासावे

हृदयविकार असलेल्या पुरुषाने सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल यांसारखी लिंगताठरतेची गोळी सुरू करण्याआधी आपल्या सर्व औषधांची पाकिटे समोर घ्यावीत आणि त्यांवरील घटकांची नावे वाचावीत. नायट्रोग्लिसरीन, आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट, आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट किंवा निकोरँडिल यांपैकी एकही नाव आढळल्यास ही गोळी घेऊ नये. मात्रा निम्मी केल्याने धोका टळत नाही. औषध गोळीच्या, मलमाच्या, पट्टीच्या वा फवाऱ्याच्या रूपात असले, तरी नियम तोच. छातीत दुखू लागल्यास हाताशी असावी म्हणून खिशात ठेवलेली जिभेखालची गोळीही यात मोडते, आणि ती रोजची नसल्यामुळे डॉक्टरांना नेमकी तीच सांगायची राहून जाते.

वरील औषधांतल्या नायट्रेट या घटकामुळे रक्तवाहिन्या सैल करणारे सायक्लिक जीएमपी हे द्रव्य वाढते, तर ताठरतेची गोळी त्याच द्रव्याचे विघटन रोखते. त्यामुळे दोन्ही एकत्र आली की रक्तदाब एकाएकी कोसळतो. गंमत अशी की, सिल्डेनाफिलची सुरुवातीची चाचणी हृदयाच्या दुखण्यासाठीच झाली होती.

नायट्रेट चालू नसेल, तर समागमाचे श्रम हृदयाला झेपतील का, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. दोन मजले भरभर चढूनही छातीत दुखत नसेल व फार धाप लागत नसेल, तर ते सहसा झेपतात. मात्र गेल्या सहा महिन्यांत हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात येऊन गेला असेल, बसल्या जागी छातीत दुखत असेल किंवा रक्तदाब 90/50 च्या खाली राहत असेल, तर स्वतः जिने चढून पाहण्याच्या फंदात पडू नये.

प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखे औषध चालू असल्यास गोळीची सुरुवात कमी मात्रेने करावी लागते. एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक व केटोकोनॅझोल हे बुरशीवरचे औषध यांमुळे सिल्डेनाफिलचे रक्तातील प्रमाण वाढते, म्हणून तीही सांगावीत. ‘पूर्णपणे वनस्पतिजन्य’ म्हणून विकल्या जाणाऱ्या शक्तिवर्धकांत सिल्डेनाफिल छुपे मिसळलेले आढळले आहे. माझ्या मते हृदयरोग्याने त्यांच्या वाटेला जाऊच नये.

गोळी घेतल्यावर छातीत दुखू लागले, तर समागम थांबवून तातडीने रुग्णवाहिका बोलवावी आणि कोणती गोळी किती वाजता घेतली, हे येणाऱ्यांना न विचारता सांगावे. सिल्डेनाफिलनंतर किमान 24 तास व टाडालाफिलनंतर 48 तास नायट्रेट स्वतःहून घेऊ नये. शुद्ध हरपली, तर हे सांगणारे कोणीतरी हवे, म्हणून जोडीदाराला गोळीचे नाव आधीच ठाऊक असावे.